आई-बाबांनी तुमच्या मोबाईलवर लक्ष ठेवलं, तर त्यांना नेमकं काय दिसतं?

मे महिन्यात सावंतवाडीला घरी गेलो होतो, तेव्हा मावशीने मला हळूच आत बोलावलं. तिचा मुलगा दहावीत जाणार होता. "बाबू, रात्री बारा वाजेपर्यंत मोबाईलात असता तो. हल्ली जेवक पण नीट नाय. कोणाशी बोलता तां माका दिसात, असा काय तरी घालून दी. पण त्याका कळता नये."

मी नाही म्हणालो. का, ते समजायला आधी लक्ष ठेवण्याचे दोन प्रकार पाहूया.

उघड देखरेख

पहिला प्रकार म्हणजे गूगलचं फॅमिली लिंक. यात पालकांना कोणतं ॲप किती वेळ वापरलं ते दिसतं, रोजची वेळमर्यादा आणि झोपेची वेळ लावता येते, नवीन ॲपला परवानगी देता येते आणि फोन कुठे आहे ते कळतं. व्हॉट्सॲपचे मेसेज यात दिसत नाहीत. देखरेख सुरू असल्याचं तुम्हालाही फोनवर कळतं.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात टीन अकाउंट आणलं. अठराच्या आतल्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, दिवसाला ६० मिनिटं झाली की आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन शांत राहतात. सोळाच्या आतल्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पालकांनी सुपरव्हिजन जोडलं, तर गेल्या सात दिवसांत तुम्ही कोणाशी चॅट केलं ते त्यांना दिसतं. काय बोललात ते दिसत नाही.

चोरून ठेवलेली नजर

मावशीला हवं होतं ते हे. अशी ॲप्स बहुतेक वेळा प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकावी लागतात आणि त्यासाठी आधी प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात. म्हणजे घराला राखण हवी म्हणून मागचं दार उघडं ठेवायचं! शिवाय मुलाचे फोटो, मेसेज, लोकेशन भलत्याच सर्व्हरवर जातात. एमस्पाय हे या धंद्यातलं मोठं नाव. २०२४ मध्ये त्यांच्या ग्राहकांचा डेटा फुटला आणि सुमारे २४ लाख ईमेल पत्ते बाहेर आले.

तुमच्या फोनवर असं काही आहे का, ते असं बघा: प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर टॅप करून प्ले प्रोटेक्ट सुरू आहे का तपासा. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये अनोळखी ॲपला परवानगी दिलेली नाही ना, ते पाहा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये तुमचं नसलेलं उपकरण दिसलं, तर लगेच लॉग आउट करा.

मोती तलावाच्या काठावर

त्याच संध्याकाळी मी भावाला घेऊन तलावावर गेलो आणि सरळ विचारलं. बराच वेळ गप्प बसला. मग मोबाईलच पुढे केला. कोणीतरी अनोळखी त्याचा खोटा फोटो बनवून 'शाळेच्या ग्रुपवर टाकतो' म्हणत पैसे मागत होता. तीन आठवडे!

"आयेक कित्याक सांगूक नाय?"

"सांगलंय असतं तर आयेन मोबाईलच काढून घेतल्यान असतो."

सगळा घोळ इथे आहे. फॅमिली लिंकमध्ये हा प्रकार दिसला नसता. चोरट्या ॲपमध्ये कदाचित दिसला असता, पण ते सापडल्यावर पुढच्या वेळी त्याने आम्हाला काहीच सांगितलं नसतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, मग ब्लॉक करा. १९३० वर किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. अठराच्या आतल्यांच्या आक्षेपार्ह फोटोंसाठी 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड होत नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तुमच्या फोनवरच तयार होतो.

नियम सगळ्यांना

तक्रार केल्यावर आम्ही घरी बसून ठरवलं. फॅमिली लिंक जोडायचं, पण त्याच्यासमोर आणि फक्त वेळ व नवीन ॲपसाठी. मेसेज वाचायचे नाहीत. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, मावशीचाही. काही वाईट घडलं आणि त्याने येऊन सांगितलं, तर मोबाईल काढून घ्यायचा नाही. दहावीनंतर नियम पुन्हा तपासायचे.

मावशीला स्वतःचा फोन ठेवणं जड गेलं. तेव्हा मी तिला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगितली. तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा. नियम सगळ्यांना असला की तो शिक्षा वाटत नाही.

तुमच्या घरी हा विषय निघाला, तर 'माझा फोन बघायचा नाही' म्हणून वाद घालण्याआधी एकच गोष्ट मागून घ्या: "मी काही सांगितलं, तर मोबाईल जाणार नाही ना?" याला हो मिळालं, तर बाकीच्या सेटिंग्ज दहा मिनिटांत होतात. आणि हो, हा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या.