वेधन द्रवातील अन्नावशेष
वेधन द्रवातील अन्नावशेष : खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या विहिरी खोदताना वापरण्यात येणाऱ्या द्रवात फळांच्या साली, धान्याची तुसे, बियांचे पीठ इ. टाकाऊ वा दुय्यम पदार्थ पूरक द्रव्ये म्हणून मिसळले जातात. अपायकारक रसायनांचा वापर कमी करणे, हा त्यामागील प्रमुख हेतू होय.

द्रवाचे कार्य : ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत, उदा., भातसानगरच्या परिसरात, कठीण बेसाल्ट खडकात पाण्यासाठी कूपनलिका खोदताना दाबाखालील हवेने खडकाचा चुरा वर फेकला जातो. भोकाच्या भिंती सहसा ढासळत नाहीत व खोलीही बेताची असते. तेलविहीर मात्र गाळाच्या खडकांतून हजारो मीटर खोल जाते आणि तेथील तेल, वायू व पाणी मोठ्या दाबाखाली असतात. म्हणून पोकळ नळांमधून खास द्रव खाली सोडतात. तो टोकाच्या छिन्नीतून बाहेर पडतो व चुरा घेऊन नळाभोवतालच्या जागेतून वर येतो. चुरा चाळून काढल्यावर तोच द्रव पुन्हा वापरतात. तो छिन्नी थंड ठेवतो, आपल्या भाराने खालचा दाब आवरतो आणि भिंतीवर पातळ लेप धरून तिला आधार देतो. तेलक्षेत्रात यास ‘मड’ म्हणतात. सामान्यतः त्यात पाणी, बेंटोनाइट माती, वजनासाठी बराइट व अन्य द्रव्ये असतात.

वनस्पतिज द्रव्ये : यांचा वापर नवा नाही. द्रवातील पाणी खडकात झिरपू नये म्हणून स्टार्च घालण्याची प्रथा १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. खडकातील भेगांमधून सारा द्रवच नाहीसा होऊ लागल्यास अक्रोडाची कवचे, सरकीची टरफले व भाताचे तूस घालून भेगा बुजवितात. भारतात या अडचणीचे महत्त्व मोठे आहे. मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. वर समुद्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन-मंचाच्या साहाय्याने मुंबई हाय क्षेत्राचा शोध लागला. तेथील व वसई क्षेत्रातील प्रमुख साठे चुनखडकात आहेत आणि सच्छिद्र, पोकळ्या असलेल्या चुनखडकात द्रवाची गळती वारंवार उद्‌भवते.

चिंचोक्याच्या पिठाची खळ घोंगड्यांना व सुताला देण्याची रीत महाराष्ट्रात परिचित आहे. चिंचेचा गर काढल्यावर उरणाऱ्या याच बियांपासून मिळणारा डिंक बेंटोनाइटयुक्त द्रवास दाटपणा आणतो व पाण्याचा पाझर घटवितो, असे धनबाद येथील इंडियन स्कूल ऑफ माइन्समधील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. अमेरिकेतील मिझूरी विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठात २०१९ च्या सुमारास बटाट्याच्या व संत्र्याच्या वर्गातील फळांच्या सालींची पूड तपासण्यात आली व तिनेही पाझर कमी केला. सालींतील सेल्युलोज, पेक्टिन व स्टार्च हे घटक पाणी धरून फुगतात आणि लेपातील सूक्ष्म छिद्रे बुजवितात.

मर्यादा : जो गुण या पदार्थांना निरुपद्रवी बनवितो, तोच त्यांचा दोषही ठरतो. समुद्रात जे सहज कुजते, ते टाकीतही कुजते. जंतूंमुळे स्टार्च आंबला की द्रव पातळ होतो. ते टाळण्यासाठी जंतुनाशक घालावे, तर विषारीपणा पुन्हा शिरतो. सु. १२०° से. तापमानाच्या आसपास साधा स्टार्च विघटित होऊ लागतो, तर खोल विहिरींत याहूनही अधिक उष्णता आढळते. शिवाय सालींचे रासायनिक घटन जातीनुसार व हंगामानुसार बदलते. त्यामुळे गोळा करणे, वाळविणे व दळणे यांचा खर्च धरूनही प्रत्येक खेप सारख्या प्रतीची मिळेलच असे नाही. सालींच्या पुडीचे प्रयोग म्हणूनच बहुतांशी प्रयोगशाळेपुरतेच मर्यादित आहेत.

याउलट तुसात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही व भेगा बुजविण्यास उपयुक्त ठरते. भाताच्या वजनाच्या सु. एकपंचमांश तूस निघते. शहापूर-मुरबाडसारख्या भातपिकाच्या प्रदेशातील गिरण्यांत ते विपुल मिळते. तथापि ते वीटभट्ट्यांत जळण म्हणून वापरले जात असल्याने त्यास सर्वस्वी टाकाऊ म्हणता येत नाही.

पर्यावरण : भारत सरकारच्या २००५ च्या नियमांत जलाधारित द्रवास प्राधान्य असून समुद्रात सोडावयाच्या द्रवाची विषारीपणाची चाचणी आवश्यक ठरविली आहे. पदार्थ नैसर्गिक आहे एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. सेंद्रिय पदार्थ तळाशी मोठ्या प्रमाणात साचून कुजल्यास तेथील ऑक्सिजन घटतो व तळावरील जीवांना धोका पोहोचतो. त्यामुळे एखादा अन्नावशेष पर्यावरणास अनुकूल आहे की नाही, हे त्याच्या उगमावरून ठरवून चालत नाही. त्यासोबत घातलेली द्रव्ये, त्याची मात्रा आणि वापरानंतरची विल्हेवाट यांचा एकत्रित विचार करावा लागतो.