शाळेतली पंगत (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण तांदळाच्या पिशवीपाशी थांबलो होतो. १९९५ साली केंद्राची शाळकरी मुलांच्या पोषणाची योजना आली, तेव्हा महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी ८० टक्के हजेरीच्या अटीवर मुलामागे महिना तीन किलो कोरडा तांदूळ वाटला. पिशवी घरी गेली की तांदूळ सगळ्या घराचा व्हायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, शाळेतच शिजवून वाढा. त्याने मुलाचा घास मुलाच्या पोटात गेला हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलं एका ओळीत जेवायला बसली.

पंक्तिभेद असा स्वतंत्र शब्द बाळगणाऱ्या भाषेत याचं मोल फोडून सांगायला नको. कोणी कोणाशेजारी बसायचं, कोणाला लांबून वाढायचं, मागाहून कोण जेवणार, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आता पहिलीतलं पोर घरून आणलेली ताटली पुढे करतं आणि 'मावशी, अजून' म्हणतं. घरी भावाच्या मागून जेवणारी मुलगी इथे त्याच्याच ओळीत बसते. अर्थतज्ज्ञ ज्याँ ड्रेझ आणि गीता किंग्डन यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांचा अभ्यास केला होता (२००१). शाळेत जेवण मिळत असेल तिथे मुली शाळेत असण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के अंकांनी जास्त होतं. मुलग्यांत असा ठळक फरक दिसला नाही.

अर्थात ओळीत बसवल्याने जात उठून जात नाही. स्वयंपाकासाठी दलित-आदिवासी बायकांना प्राधान्य द्या, असं न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या (तिकडे स्वयंपाकिणीला असं म्हणतात) हातचं सवर्ण मुलांनी नाकारलं. तिला कामावरून काढलं. मग दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचं नाकारलं. अखेर पहिलीला परत घ्यावं लागलं. नकार मुलं घरून शिकून आली होती. त्याला त्याच भाषेत उत्तर मात्र दुसऱ्या मुलांनी शाळेतच दिलं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडचं दुखणं थोडं निराळं. 'पोरं काय, खिचडी खायला जातात' असं म्हणणाऱ्यांनी आपली मुलं केव्हाच इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवली. पंगत सरळ झाली, तोवर पलीकडची माणसं उठून गेली होती. सरकारी आणि अनुदानित शाळांतलं हे जेवण म्हणूनच पुष्कळ ठिकाणी गरिबांनी गरिबांशेजारी बसून खाल्लेलं जेवण आहे. हा दोष खिचडीचा नव्हे.

या ओळीत वाकून वाढणाऱ्या मावशीचं केंद्राने २००९ साली ठरवलेलं मानधन महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात आपापली भर घालतात. पुढच्या आठवड्यात तिच्या चुलीपाशी बसू.