आज्ञा कुणाची?

‘इस्लाम’ या शब्दाचा अर्थच मुळी ईश्वराच्या इच्छेपुढे स्वतःला सोपवणे असा आहे. त्यामुळे ख्रिस्ती उपासनेत देवाच्या आज्ञेला काय स्थान आहे, हा प्रश्न मला परका वाटत नाही. शिवाय आमचे जाफराबाद ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जालना शहराजवळ बेथेल नावाचे गाव आहे. बेथेल हा हिब्रू शब्द. अर्थ, देवाचे घर. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ते वसवले. दिवाण मुसलमान, वसवणारा जन्माने ब्राह्मण आणि गाव ख्रिस्ती! आपल्या मराठवाड्यातल्या अशा गोष्टी फारशा कुणी सांगत नाही, एवढेच.

उपासनेत मंडळी उभी राहतात, कुठे गुडघे टेकतात, मान लववतात. मला नमाजातले रुकू आणि सजदा आठवतात. पण खरी गोम प्रार्थनेत आहे. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येते. कविता लिहिणाऱ्याचे लक्ष आधी क्रमाकडे जाते. तिथे पहिल्यांदा देवाचे नाव, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा पृथ्वीवर पुरी व्हावी ही मागणी. रोजची भाकर त्यानंतर. आणि हे सगळे ‘बाप’ अशी हाक मारून. तहसीलदाराचा हुकूम आपण मानतो तो वेगळा आणि बापाचे ऐकतो ते वेगळे. बापापाशी हट्ट धरता येतो, रडता येते. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः तेच करतो. दुःखाचा हा प्याला टळावा म्हणून विनवतो आणि मग बापाची इच्छा स्वीकारतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ती विनवणी झाकून ठेवली नाही, याचे मला फार मोल वाटते.

त्याच मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आणखी अवघड गोष्ट सांगितली आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि भावाचे आपल्याशी बिनसले आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. म्हणजे आज्ञा पाळण्यासाठी उपासनाच थांबवायची! बांधावरून दोन पिढ्या न बोलणारी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. गुडघे टेकणे त्या मानाने सोपे.

आता प्रश्न उरतो तो देवाच्या नावाने आज्ञा करणाऱ्या माणसांचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तो पडला होता. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहून त्यांनी मराठी वळणाची भजने रचली. पण १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. दरबार हा आमच्या निजामी मुलखातला रोजचा शब्द. दरबारात राजा एकच असतो, बाकी सगळे एका रांगेत. मिशन आणि मालक यांतला फरक टिळकांना एका शब्दात सांगता आला, असे मला वाटते. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले.

टिळकांनी आतला आवाज ऐकला, पण त्याची झळ लक्ष्मीबाईंना बसली, हेही बोलले पाहिजे. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या पदरच्या मुलासह काही वर्षे वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ते दिवस कसलाही आव न आणता लिहिले आहेत. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळे पाळत राहिल्या. मग स्वतःशीच विचार करता करता त्यांना उमगले, की जातपात माणसांनी केली आहे, देवाने नव्हे. तेव्हा आधी शिवाशीव सोडली, आणि बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० साली.