घटिकापात्रातील मोती आणि अणूच्या गाभ्यातील घड्याळ



भास्कराचार्य आणि लीलावती यांची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यावर सोडले होते. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी शिरून ते २४ मिनिटांनी बुडायचे. पण लीलावतीच्या अंगावरील मोती त्यात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरात आहे. हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून आपल्या बऱ्हाणपुरास आला होता!

कथा खरी असो वा नसो, तिच्यातील अडचण खरी आहे. बाहेरच्या गोष्टीने लुडबुड केली की घड्याळ चुकते. उन्हाळ्यात लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडते. म्हणून शास्त्रज्ञ अणूकडे वळले. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवरून केली जाते. त्यातील ठरावीक लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. परंतु इथे काम करणारे इलेक्ट्रॉन अणूच्या बाहेरच्या भागात असतात. बाहेरील विद्युत व चुंबकीय क्षेत्रांचा त्यांना धक्का बसतो. हाच तो मोती!

अणूचे केंद्रक मात्र अणूच्या सुमारे एक लक्षांश, अगदी आत दडलेले. त्याला असे धक्के फार कमी जाणवतात. मग त्याचेच घड्याळ का करू नये? अडचण अशी की केंद्रकाला उत्तेजित करायला लेसरच्या आवाक्याबाहेरची ऊर्जा लागते. थोरियम-२२९ हा अपवाद. त्याला फक्त ८.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. जर्मनीच्या पाइक व टाम यांनी २००३ मध्ये यावर घड्याळ सुचवले. पण नेमकी कंप्रता ठाऊक नव्हती. रेडिओवर अनोळखी स्टेशन शोधावे तसा हा शोध चालला. अखेर २०२४ मध्ये जर्मन व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी स्फटिकात बसवलेल्या थोरियमवर अतिनील लेसर टाकून केंद्रक उत्तेजित केले. त्याच वर्षी अमेरिकेतील बोल्डर येथे जुन ये यांच्या गटाने ही कंप्रता स्ट्रॉन्शियमच्या घड्याळाशी ताडून पाहिली. ती सेकंदाला सुमारे २,०२० लाख कोटी आहे.

एवढी अचूकता कशाला, असे पालक विचारतील. सेकंदाच्या अब्जांश भागात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो. उपग्रहाचे घड्याळ तेवढे चुकले, तर अंतराच्या मोजणीत तेवढीच चूक होते. आपल्या नाविक प्रणालीच्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात स्वदेशी घड्याळ बसवले गेले. पुण्याच्या आयुकात इटर्बियम आयनाच्या घड्याळावर काम होत आले आहे. शिवाय निसर्गाचे स्थिरांक खरोखर स्थिर आहेत का, हेही केंद्रकाच्या घड्याळावरून तपासता येईल.

केंद्रकाच्या घड्याळाने आजच्या उत्तम घड्याळांना अजून मागे टाकलेले नाही. म्हणजे तुमच्यासाठी काम शिल्लक आहे. तोवर एक करा. पातळ जुन्या वाटीला मोठ्यांकडून बारीक छिद्र पाडून घ्या, ती पाण्यावर सोडा आणि बुडायला लागणारा वेळ पाच वेळा मोजा. पाचही आकडे सारखे येतात का? नसतील, तर तुमचा ‘मोती’ कोणता ते शोधा आणि वर्गात सांगा. आम्ही वाट पाहतो.