माल्टाची तटबंदी आणि वालधुनीचा काठ

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी परदेशी जावे, ही गोष्ट आता अपूर्वाईची राहिलेली नाही. पालक कर्ज काढून मुलांना पाठवितात आणि मुले तेथील दृश्ये भ्रमणध्वनीवरून घरी धाडतात. भूमध्य समुद्रातील माल्टा हे बेट तर अशा दृश्यांचे आगरच होय. मधाच्या रंगाच्या दगडाची तटबंदी, रस्त्यावर झुकलेले रंगीत लाकडी सज्जे आणि खाली निळेशार बंदर पाहून घरची मंडळी हरखून जातात, हे स्वाभाविकच आहे. परंतु दृश्य पाहणे आणि देश समजून घेणे यांत पुष्कळ अंतर असते. ते तोडता आले, तरच परदेशगमनाचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.

सौंदर्याचाही एक जमाखर्च असतो. १५६५ साली तुर्कांचा वेढा परतविल्यानंतर सेंट जॉनच्या सरदारांनी १५६६ मध्ये व्हॅलेटा शहराचा पाया घातला. या धर्मसंघाला युरोपभर पसरलेल्या जमिनींचे उत्पन्न मिळत असे आणि समुद्रावरील लुटीतूनही त्याच्या तिजोरीत भर पडे. त्याच्या गलबतांची वल्ही मारण्यास गुलाम जुंपलेले असत. ही गुलामगिरी १७९८ साली नेपोलियनने बेट घेतल्यावर संपली. पुढे इंग्रज आले आणि संपूर्ण बेट आरमारी तळावर जगू लागले. आज ज्या भिंतींचे छायाचित्र आपण कौतुकाने पाहतो, त्यांच्या पायाशी इतका सारा हिशेब गाडलेला आहे.

या हिशेबात आपल्याही काही नोंदी आहेत. १८७८ साली रशियाला धाक घालण्यासाठी डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैनिक माल्टाला नेले. त्यांत मुंबई इलाख्याच्याही पलटणी होत्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर सिंधमधील हैदराबादचे व्यापारी भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांत पोहोचले. ‘सिंधवर्की’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माल्टात पेढ्या उघडल्या आणि पूर्वेकडील रेशीम व कलाकुसरीच्या वस्तू खलाशांना व प्रवाशांना विकल्या. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. मार्क अँथनी फाल्झन या माल्टीज मानववंशशास्त्रज्ञाने माल्टा, लंडन व मुंबई येथे हिंडून या समाजाचा अभ्यास केला आणि २००४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा उल्हासनगरच्या सिंधी घरातील मुलगा व्हॅलेटात उतरतो, तो सर्वस्वी अनोळखी भूमीत उतरत नाही. अर्थात हैदराबादचे पेढीवाले आणि छावणीत आलेले निर्वासित यांची आर्थिक स्थिती एक नव्हती, हेही विसरता कामा नये.

उल्हासनगर आणि माल्टा यांच्यात आणखी एक साम्य आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. बराकींतून उद्योग उभे राहिले. माल्टातील इंग्रजांचा लष्करी तळ ३१ मार्च १९७९ रोजी बंद झाला, तेव्हा त्या बेटालाही उपजीविकेचे नवे साधन शोधणे भाग पडले. लष्कराच्या आधारावर जन्मलेल्या किंवा पोसलेल्या या दोन वस्त्या अखेर व्यापाराच्या बळावर जगल्या. फरक एवढाच की माल्टाने आपला भूतकाळ जपला आणि त्यातून उत्पन्नही मिळविले. उल्हासनगरच्या बराकी मात्र एकामागून एक नाहीशा होत गेल्या, आणि त्यांत राहिलेल्या पिढीच्या आठवणीही तिच्याबरोबर जात आहेत.

अंबरनाथची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तेथील शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातील हे भूमिज शैलीचे देवालय व्हॅलेटाच्या पायाभरणीहून पाच शतके जुने ठरते. परंतु ज्या वालधुनीच्या काठी ते उभे आहे, त्या नदीत कारखान्यांचे रसायन आणि गावांचे सांडपाणी वाहत आले आहे. माल्टातील हाल साफ्लिएनी या भूगर्भातील प्रागैतिहासिक दफनस्थळात दर तासाला केवळ दहाच माणसांना सोडतात, कारण श्वासातील ओलाव्यानेही भिंतींवरील रंग बिघडतो. जो समाज श्वासाचाही हिशेब ठेवतो, त्याच्याकडून नदीचा हिशेब ठेवण्यास आपण शिकावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पोटाची भ्रांत असताना दगडांची काळजी कोणी करावी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो गैरवाजवी नाही. माल्टाचा मार्गही निर्दोष नव्हे. साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावर २०२४ साली पस्तीस लाखांहून अधिक प्रवासी आले. बांधकामाचा धडाका, वाढती घरभाडी आणि पाण्याची ओढ ही त्याची किंमत स्थानिकांना मोजावी लागते. तेव्हा अंबरनाथचे माल्टा करावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र नदी स्वच्छ ठेवणे हे पर्यटकांसाठी करावयाचे काम नव्हे. ते पाणी ज्यांच्या दारावरून वाहते, त्यांच्या आरोग्याचा तो प्रश्न आहे.

या पट्ट्यातील महाविद्यालयांनी बराकींत राहिलेल्या वृद्धांच्या आठवणी विद्यार्थ्यांकरवी टिपून घेतल्या, वालधुनीच्या पाण्याची नियमित तपासणी करविली आणि तिचे निष्कर्ष नगरपालिकांपुढे ठेवले, तर त्यास फारसा पैसा लागणार नाही. परदेशी गेलेल्या मुलाने तेथील तटबंदीचे चित्र जरूर पाठवावे. त्यासोबत ती तटबंदी कोण राखतो, खर्च कोठून येतो आणि निर्णय कोण घेतो, एवढे चार ओळींत लिहावे. त्या चार ओळींची या तीन गावांना चित्राहून अधिक गरज आहे.