टेम्पोवरची अक्षरे

बँकेत असताना कर्जदारांच्या वाहनांची पाहणी करावी लागे. तेव्हा एक गंमत वारंवार दिसे: दुकानाचे नाव बारीक आणि तारणाच्या नोंदीतील आमच्या बँकेचे नाव ठसठशीत!

कवठे येमाई येथील एका परिचित व्यापाऱ्याने गतवर्षी टेम्पोला पूर्ण विनाइलचे आवरण चढविले. तेरा जिनसांची यादी, दोघा भावांची छायाचित्रे, चार भ्रमणध्वनी क्रमांक. खर्च बराच झाला; चौकशी एकही आली नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे 11 मीटर पुढे जाते. रस्त्याकडेच्या माणसाला वाचावयास तीन-चार सेकंद मिळतात. तेवढ्यात नाव, व्यवसाय आणि गाव पोचले तरी पुष्कळ झाले. हे गाव लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचे. तमाशाच्या फडाची गाडी येथे लांबूनच ओळखू येई. तिच्यावर फडाचे नावच तेवढे मोठे असे.

मागची बाजू सर्वांत मोलाची. मलठणच्या रस्त्यावर मागे अडकलेला चालक ती मिनिटभर वाचत असतो. क्रमांक तेथेच, आणि एकच द्यावा. फिक्या रंगावर गडद अक्षरे घ्यावीत. वेलांट्या-मात्रांना मोकळी जागा ठेवावी, सावल्यांची नक्षी टाळावी. नंबरप्लेट झाकू नये. काचांवर फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मनाई केली होती.

आमच्या व्यापारीबंधूंनी अखेर रेडियमवाल्याकडून ती यादी काढविली. आता नावाखाली ‘किराणा व भुसार’ एवढेच आहे. छायाचित्रे मात्र धाकट्या भावाच्या आग्रहास्तव दारावर कायम आहेत.