वाळवंटातला तलवारशिंग्या

बालमित्रांनो, दप्तरातली फूटपट्टी काढा. अशा तीन-साडेतीन पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर होईल तेवढं लांब एकेक शिंग! अशी दोन शिंगं डोक्यावर मिरवतो आफ्रिकेतला सिमिटार ओरिक्स. सिमिटार म्हणजे वाकडी तलवार. मागे झुकलेली ही शिंगं नराला असतात तशी मादीलाही असतात. (आपल्या काळविटाच्या मादीला सहसा नसतात बरं का!)

ओरिक्स हा काळविटासारखाच कुरंग. चितळ-सांबराची शिंगं गळून पडतात, कुरंगाची जन्मभर टिकतात.

सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडा, गवताळ पट्टा आहे. पाऊस पडेल तिकडे गवत आणि गवत उगवेल तिकडे ओरिक्सचे कळप. अंग पांढरं, म्हणून ऊन कमी शोषलं जातं. मान मात्र तांबूस. खूर रुंद, त्यामुळे पाय वाळूत रुतत नाहीत.

खरी कमाल पुढेच आहे. आपल्याला ४० अंश ताप आला की घरात धावपळ उडते. ओरिक्स आपलं अंग सुमारे ४६ अंशांपर्यंत तापू देतो! घाम गाळला तर पाणी खर्च होईल ना? मग रात्रीच्या गारव्यात ही उष्णता बाहेर पडते. "बाई, मग त्याचा मेंदू शिजत नाही?" असं वर्गात एकाने विचारलं. प्रश्न अगदी योग्य! श्वासामुळे नाकातलं रक्त थंड होतं आणि ते मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला गार करतं. पाणी प्यायला मिळालं नाही तरी ओरिक्स कित्येक आठवडे तग धरतो. पाला आणि कडू इंद्रावणाची फळं यांतून त्याला ओलावा मिळतो.

उन्हाला पुरून उरलेला हा प्राणी बंदुकीपुढे मात्र हरला. जीपगाड्यांतून पाठलाग करून शिकार झाली. त्यात दुष्काळ, गुराढोरांची चराई आणि चाड देशातलं युद्ध. २००० साली 'निसर्गातून नामशेष' अशी त्याची नोंद झाली.

नशीब, प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कळपांत काही ओरिक्स उरले होते! अबू धाबीत वाढवलेले ओरिक्स विमानाने चाडला नेले आणि २०१६च्या ऑगस्टमध्ये २१ जणांचा पहिला कळप मोकळा सोडला. पुढे आणखी सोडले. आता तिथे शेकडो ओरिक्स आहेत. २०२३मध्ये 'नामशेष'चा शिक्का पुसला गेला, तरी 'धोक्यात' हा शिक्का आहेच.

मोकळ्या रानातलं पहिलं पिल्लू २०१६मध्येच जन्मलं. नवजात पिल्लू वाळूच्या रंगाचं असतं. आई चरायला गेली की ते गवतात निपचित पडून राहतं. जवळून गेलात तरी दिसायचं नाही!